न खपलेल्या सहा गाड्या

त्या गाड्या गावात आल्या तेव्हा सगळ्यांनी त्या वरून पाहिल्या. मी एकटीने खालून पाहिल्या.

मोहर्लीपासून थोडं आत, व्याघ्र प्रकल्पाच्या कडेच्या बफर जंगलात आमचं सफारीचं छोटं गेट आहे. पावसाळा संपला होता आणि सफारीचा हंगाम सुरू व्हायला आठवडा होता. गाड्या घेऊन आलेला लांबलचक ट्रेलर शाळेजवळच्या वळणावर वळेना, म्हणून गाड्या तिथंच उतरवल्या आणि एकामागून एक चालवत गेटवर आणल्या. सहा गाड्या. उघड्या टपाच्या, हिरव्या रंगाच्या, विजेवर चालणाऱ्या. आवाज म्हणून नाही. शाळेतली पोरं मागे धावत होती आणि गाड्यांपेक्षा त्यांच्या पायांचाच आवाज जास्त येत होता. सरपंचबाईंनी नारळ फोडला, गाड्या बनवणाऱ्या कंपनीच्या साहेब लोकांनी हार घातले, सगळे फोटोसाठी ओळीनं उभे राहिले. मी पहिल्या गाडीच्या मागच्या चाकाशी उकिडवी बसले आणि आत डोकावले.

चाकावरच्या पत्र्याला आतून कुंभारीण माशीचं मातीचं घर चिकटलेलं होतं. पार वाळलेलं, भोकं पडलेलं. माती पांढरट होती. आमच्याकडे अशी माती नाही.

मी गाईडभाऊंना हाक मारली. हे गोंड समाजातले, माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठे. आधी वनखात्यात जंगलाच्या आगीवर पाळत ठेवायचं काम करत, नंतर गाईड झाले. धुळीतल्या ठशावरून जनावर सकाळी गेलं की दुपारी, हे ते सांगतात. त्यांनी ते मातीचं घर नखानं फोडून पाहिलं.

"जुनं हाये. माश्या कवाच उडून गेल्या," ते म्हणाले. "ह्या गाड्या एक पानकाळा तरी एका जागी उभ्या होत्या."

"म्हंजे जुन्या गाड्या देल्या काय आपल्याले?"

"चालल्याच नाईत तं जुन्या कशा? न खपलेल्या म्हन."

त्यांनी हात झटकला आणि हारांकडे बघत हळूच विचारलं, "बाई, हा उपकार कोनावर होऊन राह्यला? आपल्यावर का कंपनीवर?"

त्या प्रश्नानं पुढची दोन वर्षं माझी पाठ सोडली नाही.

माझा स्वभाव संशयी आहे, हे मी लपवत नाही. आम्ही धीवर. घरचा माणूस तलावातल्या मासेमारीच्या सोसायटीत आहे. वजन करणाऱ्याच्या काट्याकडे बघत बघतच माझा संसार झाला. बरीच वर्षं मी शाळेत खिचडी शिजवली. तिथंसुद्धा तांदळाचं पोतं आलं की शिवण आधी बघायची, मग उतरवून घ्यायचं. पुढे वनखात्यानं गावातल्या बायांना गाडी चालवायला शिकवायचं ठरवलं. फुकट शिकवतात म्हटल्यावर मी पहिले चार दिवस नुसती लांबून बघत बसले. पाचव्या दिवशी बसले आणि त्यानंतर मला दुसरं काही करावंसं वाटलं नाही. चंद्रपूरच्या एका मालकाची पेट्रोलची जिप्सी मी दोन हंगाम चालवली. मग या गाड्या आल्या. त्यांची मालकी गावाची. निम्म्याहून जास्त भार सरकारनं उचललेला, बाकी गेटच्या उत्पन्नातून गावाच्या समितीनं घातलेलं. दोन नंबरची गाडी माझ्याकडे आली.

खरं सांगायचं तर पहिले तीन-चार महिने गाडी मला आवडली. पेट्रोलचा वास नाही, हादरे नाहीत. चितळं मान खाली घालून चरतच राहायची. पाहुण्यांना कुजबुजत बोललेलंही ऐकू यायचं. पण ही शांतता सगळ्यांनाच मानवणारी नव्हती. एकदा सकाळी एका वळणावर अस्वल वारूळ खणत होतं, आमच्याकडे पाठ करून. त्याला आम्ही ऐकूच आलो नाही. मी ब्रेक दाबला तेव्हा मध्ये जेमतेम एका गाडीचं अंतर होतं. अस्वल मागच्या पायांवर उभं राहिलं. पाहुण्यांच्या हातात कॅमेरे होते, पण कोणी उचलला नाही. मी गाडी मागे घेतली, तर तिने मोठ्याने पीं पीं पीं करायला सुरुवात केली. पुढं जाताना मुकी आणि मागं येताना बोंबलणारी! अस्वलानं असलं काही जन्मात ऐकलं नसावं. ते बांबूत घुसलं ते दिसेनासंच झालं.

गेटवर आल्यावर मी कंपनीच्या माणसाला बोलले. त्यानं त्याच दिवशी सहाही गाड्यांची ती पीं पीं काढून टाकली.

हा माणूस नाशिककडचा. तीस-बत्तीस वर्षांचा, अंगानं बारीक, कायम पाठीवर एक काळी पिशवी. गाड्यांची देखभाल करायला कंपनीनं त्याला इथं ठेवलं होतं. शाळेमागच्या जुन्या खोलीत तो राहायचा. सगळे त्याला इंजिनिअर म्हणायचे. तो मला ताई म्हणायचा. मला तो फार गोड बोलतो असं वाटायचं, आणि गोड बोलणाऱ्याच्या हाताकडे बघावं ही माझी सवय.

होळी झाली आणि ऊन तापलं. गाडीच्या पडद्यावर बॅटरीच्या पाच दांड्या दिसत. थंडीत सकाळची फेरी संपली तरी तीन उरायच्या. एप्रिलमध्ये पाणवठ्यापर्यंत जाईस्तोवर दोन व्हायच्या. मी इंजिनिअरला सांगायची, तो म्हणायचा, "पार्ट येतोय ताई." आठवड्यानं विचारलं तरी तेच.

एके दिवशी दुपारच्या फेरीत गाडी पाणवठ्याजवळच बंद पडली. पडदा काळा झाला. वाघीण पलीकडच्या जांभळाखाली, अर्धी पाण्यात बसली होती. पाहुणे आधी खूश झाले, त्यांना वाटलं मी त्यांच्यासाठी थांबवली. दहा मिनिटांनी एका बाईनं विचारलं, "आता जायचं ना?"

मी किल्ली फिरवत होते. गाईडभाऊ मागं वळून शांतपणे म्हणाले, "बसू थोडं. ती बी बसून राह्यली नं."

खाली उतरायची सोय नाही, फोन लागत नाही. दीड तास आम्ही त्या उन्हात बसलो. वाघीण एकदा उठली, आमच्याकडं बघून जांभई दिली आणि पुन्हा बसली. शेवटी मागून एक पेट्रोलची जिप्सी आली आणि तिनं आम्हाला दोरानं ओढत गेटवर आणलं. वाटेत पाहुण्यांपैकी एकानं मला विचारलं, "ही कुठल्या कंपनीची गाडी? ती तर बुडाली ना?"

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. घरी आल्यावर पुतणीच्या फोनवर तिला शोधायला सांगितलं. तिनं वाचून दाखवलं. कंपनीच्या गाड्या शहरात खपत नव्हत्या, कारखान्यात तयार गाड्यांच्या रांगा उभ्या होत्या, कामगारांना घरी बसवलं होतं, आणि कंपनी सरकारकडे मदत मागत होती. म्हणजे गाईडभाऊंनी नखानं फोडून जे सांगितलं होतं, तेच.

त्यानंतर मी इंजिनिअरवर नजर ठेवायला लागले.

मे महिन्यात दुपारी एक ते तीन गावात कोणी दारातही दिसत नाही. तेंदूपत्ता तोडून आलेली माणसं झोपलेली असतात. त्या वेळात मी दोनदा त्याला गेटजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये पाहिलं. चार नंबरची गाडी तेव्हा बंद पडलेली होती. तिचं पुढचं झाकण उघडून तो आतून काहीतरी काढायचा, टॉवेलात गुंडाळायचा आणि काळ्या पिशवीत टाकायचा. इकडंतिकडं बघायचासुद्धा. दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा मी गाईडभाऊंना उठवून आणलं.

"भाऊ, हा गाडी फोडून इकून राह्यला," मी म्हटलं.

"पाहू. आधीच चोर काऊन म्हनतेस?"

आम्ही शेडच्या दारात जाऊन उभे राहिलो. इंजिनिअर दचकला. त्याच्या हातात पाना होता.

"पिशवी उघड," मी म्हणाले. साहेब नाही, भाऊ नाही, एकदम अरे-तुरे.

"ताई, मी..."

"उघड म्हनते नं."

त्यानं पिशवी जमिनीवर ठेवली आणि उघडली. वर पाने-पकडी. खाली वायरची वेटोळी, एका डब्यात फ्यूज आणि स्क्रू. टॉवेलात गुंडाळलेली हाताएवढी एक जाड पत्र्याची पेटी. त्या पेटीवर खडूनं मोठा दोनचा आकडा लिहिलेला.

"हा कंट्रोलर आहे," तो म्हणाला. "मोटरला वीज किती द्यायची ते हा ठरवतो. तुमच्या गाडीचा गेलाय, म्हणून तुमची गाडी पाणवठ्यावर बसली. नवीन येत नाही. चार नंबरचा काढून तुमच्या गाडीत घालणार होतो."

"मंग चोरून काऊन काढून राह्यला?"

त्यानं पाना खाली ठेवला. मग म्हणाला, "कंपनीनं सांगितलंय की एका गाडीचा भाग दुसरीत घालायचा नाही. तसं केलं तर हमी संपते. कंपनी स्वतः पाठवत नाही आणि इथलं वापरूही देत नाही. मला पाच महिने पगार नाही, ताई. मी इथं का थांबलोय ते मलाही माहीत नाही."

गाईडभाऊंनी खांद्यावरचा गमछा काढून तोंड पुसलं. "जेवला काय?" त्यांनी विचारलं.

तो नाही म्हणाला. मला लाज वाटली, हे खरं. पण पूर्ण विश्वास बसला असंही नाही. पेटी माझ्या गाडीत बसवेपर्यंत मी तिथंच बसून राहिले. कुठली वायर कुठं जाते ते बघत होते. गाडी चालू झाली तेव्हा त्याला घरी घेऊन गेले आणि भात आणि सुकटीचा रस्सा वाढला. तो खाली मान घालून जेवला.

पावसाळा लागेपर्यंत सहापैकी तीन गाड्या चालत होत्या. एक, दोन आणि तीन. चार, पाच आणि सहा नंबरच्या गाड्यांच्या जिवावर.

त्याच सुमाराला बातमी आली की सरकार कंपनीला मदत देणार आहे, फक्त आधी एक पथक फिरून गाड्या कशा चालतात ते बघणार आहे. गेटवरच्या चहाच्या टपरीवर रोज यावरच गोष्टी. कोणी म्हणायचं, बुडणाऱ्याला कशाला द्यायचं, तोच पैसा आमच्या दवाखान्याला द्या. कोणी म्हणायचं, कंपनी बुडाली तर या गाड्यांवर कोंबड्या बसवायच्या का? मी पहिल्या बाजूची. आणि त्याला कारण होतं.

माझे बाबा चंद्रपूरकडच्या एका कारखान्यात होते. तिथं चिनी मातीचे पाइप बनायचे. मी लहान असताना कारखाना आजारी पडला. माणूस आजारी पडतो तसा कारखानाही पडतो, हे मला तेव्हा कळलं. सरकारनं मदत दिली. मदत आली तशी आधी पाहुण्यांच्या बंगल्याला रंग लागला, मोठं नवं फाटक बसलं. काही काळानं पुन्हा मदत आली. त्या वेळी मागच्या फाटकातून ताडपत्री घालून मशिनी बाहेर जाताना बाबांनी स्वतः पाहिल्या. दुरुस्तीला चालल्यात, असं त्यांना सांगितलं गेलं. त्या परत आल्या नाहीत. एका सकाळी बाबा कामावर गेले आणि नव्या फाटकाला कुलूप होतं. आम्ही गावी परत आलो. बाबांनी जाळं हातात घेतलं ते कायमचं. घरात ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली होती की सरकारी मदत म्हटलं की मला मागचं फाटकच दिसायचं.

बाबा तेव्हा आमच्याकडेच होते. खूप थकले होते, दिवसभर पडवीत खाटेवर असायचे. मी टपरीवरचं बोलणं घरी येऊन त्यांना सांगितलं. मला वाटलं ते माझ्या बाजूनं बोलतील.

ते म्हणाले, "देऊ दे नं त्यायले. तुह्या पोटात काऊन दुखून राह्यलं?"

"बाबा! तुमी म्हनता हे? तुमच्या कारखान्याचं काय झालं?"

"काय झालं? मदत भेटली म्हनून तीन वर्स जास्त चालला. त्या तीन वर्सांत तू दहावी झाली. तुह्या भावाचं आपरेशन झालं. हे काऊन विसरतेस?"

"अन् मशिनी नेल्या त्या?"

"नेल्या. चोर होते ते. चोर होते म्हनून मले भूक नव्हती काय?"

ते बराच वेळ छताकडं बघत होते. मग म्हणाले, "त्या वक्ती आमाले कोनी इचारलं नाई. मदत आली, मदत गेली, आमी पायपाच करून राह्यलो होतो. इचारलं असतं तं सांगितलं असतं ताडपत्रीचं."

तीस-पस्तीस वर्षं मी ही गोष्ट एकाच बाजूनं ऐकत आले होते. बाबांनी ती कधी दुसऱ्या बाजूनं सांगितली नव्हती, की मीच ऐकली नव्हती, कोण जाणे.

पथक यायच्या आदल्या दिवशी कंपनीचा एक मोठा साहेब आला. पांढरे बूट घातलेला. त्यानं शेड धुऊन घेतली, सहाही गाड्या पुसून एका रांगेत लावायला सांगितल्या. बाई ड्रायव्हर म्हणून माझी निवड झाली. त्यानं माझ्या हातात एक कागद दिला. त्यावर मी काय बोलायचं ते टाइप केलेलं होतं. पहिलंच वाक्य होतं, "या गाडीमुळे माझं आयुष्य बदललं." खाली माझं नाव आणि सहीसाठी जागा. माझं आयुष्य बदललं हे याला कोणी सांगितलं? हा माणूस मला आज पहिल्यांदा बघत होता.

"वाचून सही करा, उद्या फक्त बोलायचं," तो म्हणाला.

"घरी जाऊन वाचते," मी म्हटलं आणि कागद घडी करून ठेवला. सही केली नाही.

संध्याकाळी इंजिनिअर माझ्या अंगणात आला. उभ्या उभ्याच बोलला.

"ताई, उद्या चार, पाच, सहा यांचे फक्त दिवे लागतील. पडद्यावर पाचही दांड्या दिसतील. मी तशी जोडणी केलीय. साहेबांनी सांगितलं म्हणून. पण त्या जागेवरून हलणार नाहीत."

"मले काऊन सांगून राह्यले?"

"असंच," तो म्हणाला आणि गेला.

त्या असंचवर मी विचार करत बसले. याला स्वतःला बोलायचं नाही आणि माझ्याकडून बोलवून घ्यायचं आहे का? माझ्या खांद्यावर बंदूक ठेवतोय का? की खरंच त्याला एवढंच सांगायचं होतं? आजही मला ठाम सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी दोन गाड्या भरून पथक आलं. त्यांच्या प्रमुख एक मॅडम होत्या, पन्नाशीच्या, सुती साडी, हातात डायरी. त्या फारशा हसल्या नाहीत, ते मला बरं वाटलं. पांढऱ्या बुटाचा साहेब पुढं पुढं करत होता. त्यानं एक नंबर गाडीकडं हात केला, "मॅडम, एक छोटी फेरी मारू या. या आमच्या महिला चालक."

मी पुढं झाले. एक नंबर ओलांडून चार नंबरपाशी जाऊन थांबले. मी म्हणाले, "मॅडम, चार नंबरमध्ये बसा."

साहेब लगेच म्हणाला, "तिचं चार्जिंग व्हायचंय."

"पडद्यावर पाच दांड्या आहेत नं," मी म्हटलं.

मॅडमनी एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा त्याच्याकडं, आणि चार नंबरमध्ये जाऊन बसल्या. मी स्टिअरिंगवर बसले, किल्ली फिरवली. दिवे लागले, पडदा उजळला. पायानं दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. शेडच्या पत्र्यावर एक खार पळाली, तेवढाच आवाज.

"काय झालं?" मॅडमनी विचारलं.

"हे यांना विचारा," मी इंजिनिअरकडं बोट केलं. लगेच वाटलं, हे काय केलं मी. त्याचा पगार, त्याची नोकरी. पण आता झालं होतं.

इंजिनिअर पुढं आला. साहेब त्याच्याकडं डोळे वटारून बघत होता. त्यानं सगळं सांगितलं. भाग किती महिने आले नाहीत, कुठल्या गाडीचं काय काढून कुठं घातलं, दिवे का लागतात. आवाज न चढवता, हिशेबानं सांगावं तसं. पगाराचं मात्र बोलला नाही. ते मी सांगितलं.

मॅडम गाडीतून उतरल्या नाहीत. तिथंच बसून माझ्याकडं वळल्या. "मग तुमचं म्हणणं काय? कंपनीला मदत देऊ नये?"

महिनाभर टपरीवर मी हेच तर म्हणत होते. आता विचारणारी समोर होती आणि मला ते वाक्य उचलता येईना. डोळ्यांसमोर कुठले कुठले घरी बसवलेले कामगार आले. मी त्यांना कधी पाहिलंही नव्हतं. त्यांच्यातल्या कोणाची पोरगी दहावीला असेल.

मी आमच्या बोलीतच बोलले, दुसरं सुचलं नाही. "मॅडम, ह्या गाड्या खपत नव्हत्या, ते तुमाले मालूम होतं. तरी घेतल्या अन् आमाले देल्या. आता कंपनी मेली तं ह्या बी मेल्या. म्हनून देऊ नोका असं मी म्हनत नाई. पन आधी ह्या मानसाच्या हातात सामान द्या अन् त्याचा पगार द्या. तसेच जे तिकडं काम करते त्यायले द्या. मंग बाकीच्यायचं पाहा. अन् सामान आलं का नाई हे आमाले इचारा. ह्या साहेबायले नोका इचारू."

पांढऱ्या बुटाच्या साहेबानं मोबाईल कानाला लावला. मला खात्री आहे पलीकडे कोणी नव्हतं, कारण आमच्या गेटवर रेंज नसते.

मॅडमनी डायरीत बराच वेळ लिहिलं. मी मान वाकडी करून बघितलं. इंग्रजीत होतं, मला वाचता आलं नाही. त्यांनी मी सांगितलेलं लिहिलं की त्यांना हवं ते, देव जाणे. जाताना त्यांनी माझा नंबर घेतला आणि सरपंचबाईंकडचा चहा घेऊन निघून गेल्या.

दोन महिन्यांनी बातमी आली. कंपनीला मदत मंजूर झाली. टपरीवर कोणी मला म्हणालं, तुझ्यामुळं अडली होती. कोणी म्हणालं, तुझ्यामुळंच मिळाली. मला दोन्ही खरं वाटलं नाही. एवढं खरं की त्यानंतर एका ट्रकमधून पेट्या आल्या. नवे कंट्रोलर, दोन बॅटऱ्या. पाच आणि सहा नंबर चालू झाल्या. चार नंबरला मात्र ट्रकवर चढवून दुरुस्तीला नेलं. तिच्यावर ताडपत्री घालताना मी फोटो काढून ठेवला आणि नेणाऱ्याचं नाव, ट्रकचा नंबर वहीत लिहून घेतला. बाबांना दाखवला. ते नुसते हं म्हणाले. त्या हिवाळ्यात ते गेले. गाडी अजून आलेली नाही.

काही दिवसांनी पुतणीनं मला कंपनीचं एक चकचकीत माहितीपत्रक फोनवर दाखवलं. त्यात माझा फोटो होता, चार नंबरच्या स्टिअरिंगवर बसलेला. बाजूला अवतरण चिन्हात लिहिलेलं, या गाडीमुळे माझं आयुष्य बदललं. मी कंपनीला फोन केला, तीन वेळा. तिसऱ्यांदा एका मुलीनं सांगितलं, काढून टाकू. टाकलं की नाही ते मी दर महिन्याला बघते.

इंजिनिअरला थकलेल्या पगारातले तीन महिने मिळाले, बाकीचे राहिले. मग त्याला कंपनीनं दुसरीकडं पाठवलं, आणि तिकडून त्यानं नोकरी सोडली. आता नागपूरला ई-रिक्षा दुरुस्त करतो. अधूनमधून फोन करतो. मी एकदा सरळ विचारलं, "त्या दिवशी मले मुद्दाम सांगितलं काय?"

तो हसला. "ताई, मला वाटलं होतं तुम्ही घाबरून गप्प बसाल. सांगितल्यावर मला जरा हलकं वाटलं, एवढंच."

त्यानंतर कंपनीचा इथं राहणारा माणूस आला नाही, एक जण महिन्यातून एकदा येऊन जातो. म्हणून मी ग्रामसभेत उभी राहिले आणि म्हणाले, आपल्यातल्या दोघींना हे काम शिकायला पाठवा. चंद्रपूरच्या आयटीआयमध्ये छोटा कोर्स होता. एक मी गेले, एक सरपंचबाईंची सून. बाकावर सगळी विशीतली पोरं आणि मध्ये मी, चष्मा लावून. शिकवणारे सर पहिल्या दिवशी मला म्हणाले, "मावशी, विजेची भीती वाटते का?" मी म्हटलं, "मीटर बरोबर आहे ना, ते आधी सांगा." वर्ग हसला. सरांनी दुसरा मीटर आणून दोन्हींचे आकडे जुळवून दाखवले, तेव्हा मी वायर हातात घेतली.

सरकारनं द्यावं की देऊ नये, हे मला आजही कोणी विचारलं तर मी अडखळते. गाईडभाऊ म्हणतात, देऊच नये, जंगलात जे झाड पडतं त्याच्यावर दुसरं उगवतं. मी त्यांना म्हणते, तुमी झाडाची गोष्ट करून राह्यले, त्याच्याखाली बसलेल्या मानसायचं काय? मग वाद तिथंच थांबतो, कारण पाहुणे येतात.

मागच्या गुरुवारी सकाळी पाच नंबर चालू होईना. पाहुणे आत बसलेले, गेट उघडायला दहा मिनिटं. मी झाकण उघडलं, मीटर लावला. फ्यूज गेला होता. पेटीतला नवा फ्यूज काढून त्यावरचा आकडा चष्मा वर करून वाचला, जुन्याशी ताडून पाहिला, पुन्हा एकदा वाचला आणि बसवला. गाडी चालू झाली. गाईडभाऊ पुढं येऊन बसले, मागं कोणीतरी वाघ दिसेल का म्हणून विचारलं, आणि आम्ही आत गेलो.